वाणात आलेली मोरपंखी वाटी

त्या जानेवारीतली ती केस मला आजही तशीच्या तशी आठवते. खून, दरोडा, अपहरण असलं काही नव्हतं. काचेच्या वाट्यांच्या तीन पेट्या चोरीला गेल्या होत्या. माझ्या नोकरीत याहून मोठे गुन्हे पुष्कळ आले, काहींबद्दल बक्षिसंही मिळाली. पण कोणी विचारलं, की साहेब, तुमची अभिमानाची केस कोणती, तर मी वाट्यांचीच सांगतो. लोक हसतात. हसू देत.

तेव्हा मी मध्य दिल्लीतल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वडील केंद्र सरकारात कारकून, त्यामुळे जन्म दिल्लीचा, शिक्षण पहाडगंजातल्या मराठी शाळेत. घरात मराठी आणि घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, अशी आमची सगळ्यांचीच रीत. नवीनच लग्न झालं होतं. जवळच्या सरकारी वसाहतीत मराठी कुटुंबं बरीच होती आणि आमच्या सौभाग्यवती तिथल्या महिला मंडळात चांगल्या रमल्या होत्या.

आधी त्या काचेविषयी सांगतो, कारण आता ती फारशी दिसत नाही. भट्टीतून काढलेल्या गरम काचेवर कसलीशी रसायनं फवारून तिच्यावर चमक आणत. पाण्यावर रॉकेलचा तवंग पसरला की दिसतात तसे रंग तिच्यावर खेळायचे. सरळ धरली तर जांभळी, जरा कलती केली की हिरवी, मधूनच सोनेरी. खरी कटग्लास घेण्याची ऐपत कोणाची होती? ही मात्र क्लार्क-शिपायाच्याही आवाक्यातली. सरकारी क्वार्टरमधल्या पत्र्याच्या कपाटावर अशा चार वाट्या मांडल्या की दुपारच्या उन्हात सगळी खोली सणासारखी दिसायची. बाजारात तिला मोरपंखी म्हणत.

पहाडगंजातल्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामातून असल्या वाट्यांच्या पेट्या गेल्या. व्यापाऱ्याला सगळे लालाजी म्हणत. माल फिरोजाबादहून आलेला, साचा अगदी नवा: वाटीच्या तळाशी कमळ आणि कडेला उलटी वळलेली पानं. लालाजींनी एक पेटी उघडून फक्त एक वाटी नमुना म्हणून बाहेर काढली होती, बाकी सगळा माल तसाच बंद. एकही नग बाजारात गेलेला नव्हता. तो नमुना त्यांनी तक्रारीबरोबर माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "साहब, ताला टूटा नहीं है. चाबी दो ही हैं. एक मेरे जनेऊ में, दूसरी बड़े मियाँ के पास."

बडे मियाँ म्हणजे त्यांच्याकडचे काच बांधणारे. पेंढ्यात काच गुंडाळून पेटीत भरण्याचं काम ते तरुणपणापासून त्याच दुकानात करत आले होते. मी त्यांना बोलावून घेतलं. पांढरी दाढी, अंगावर घोंगडी, टोपी काढून हातात धरलेली. ठाण्यातल्या बाकाच्या अगदी कडेला बसले. पोलीस ठाण्यात माणूस कसा बसतो यावरून निम्मं कळतं असं माझं मत आहे. सराईत माणूस टेकून बसतो, त्याला माहीत असतं की वेळ लागणार आहे. बडे मियाँ असे बसले होते, की जणू बाक कोणा दुसऱ्याचा आहे आणि तो कधीही येऊन उठवेल.

चावी कोणाला दिलीत? नाही. हरवली होती? नाही. गोदामात अजून कोण जातं? कोणी नाही. दुसरा एखादा असता तर त्याने एवढ्यात दहा नावं घेतली असती. शेवटी मी उठणार तेवढ्यात ते म्हणाले, "साहब, बंद करना हो तो कर दीजिए. बस फ़िरोज़ाबाद ख़बर न जाए. होली के बाद बेटी का निकाह है. लड़के वाले भी काँच के काम में हैं. जिस घर के बाप पर काँच की चोरी लगी, वहाँ बारात कौन लाएगा?"

एवढं बोलून ते पुन्हा टोपीकडे बघत राहिले.

आमच्या एसएचओ साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, या प्रकरणात काही गहन वाटत नव्हतं. चावी याच्याकडे, कुलूप शाबूत, मग अजून काय पाहिजे? अटक करा, रिमांड घ्या, रात्रभरात बोलेल. मी म्हणालो, साहेब, मला आठवडा संपेपर्यंत वेळ द्या, माणूस पळणारा नाही. ते म्हणाले, "तुम मराठे लोग चोर को भी आप-आप करते हो." पण वेळ दिला.

मी कामाला लागलो. गोदामाचे शेजारी तपासले, ठेलेवाले तपासले, खबरी सोडले. दुकानात आणखी एक माणूस होता, लालाजींचा भाचा. चुणचुणीत, तेल लावून भांग पाडलेला. पण तो तर माल आला त्याच्या आदल्या दिवसापासून मेरठला सासुरवाडीत होता. चोरीची बातमी कळल्यावर परतला, तोवर नमुन्याची वाटी ठाण्यात येऊन पडली होती. "मैंने तो माल की शकल तक नहीं देखी," असं तो ज्याला त्याला सांगत होता. सासऱ्यांनीही ठणकावून सांगितलं, की जावई घरातून हललेला नाही. म्हणजे फिरून फिरून बोट बडे मियाँकडेच.

आणि मग खबर मिळाली. कुठून, तर माझ्याच घरातून.

संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस. संध्याकाळी मी घरी येऊन बूट काढतोय, तेवढ्यात ही नटूनथटून वसाहतीतून परत आली आणि आलेलं वाण तिने टेबलावर ठेवलं. काचेची वाटी, तिळगुळाने भरलेली. दिव्याखाली हिरवी दिसली, मी मान जरा वळवली तर जांभळी. मी तिळगूळ ताटलीत ओतून वाटी उलटी केली. तळाशी कमळ, कडेला उलटी पानं.

"कोणी दिलं हे?"

"का? काकूंनी. सगळ्यांना दिलं. मस्त आहे ना? यंदा सगळ्यांची छुट्टी केली काकूंनी."

काकू म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. यजमान मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. वसाहतीतल्या गणेशोत्सवापासून बारशापर्यंत त्यांच्या शब्दाबाहेर काही होत नसे. मी वाटी रुमालात गुंडाळायला लागलो, तर ही माझ्या हातावरच आली. "अहो, वाण आहे ते! केस-बीस काय असेल ती ठाण्यात. वाण कोणी परत देतं का? आणि मी दिलं हे काकूंना कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"काकूंनाच विचारायचंय, त्यांनी कुठून आणल्या."

"बिल्कुल नाही. तुम्ही जा, विचारा. माझं नाव नको."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यात काकूंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, तब्येतीची चौकशी केली आणि वाट्यांचा विषय काढताच म्हणाल्या, "अरे, आमच्या ह्यांनी आणल्या. कनॉट प्लेसच्या शोरूममधून. वाण द्यायचं तर चांगलंच द्यावं, नाही का?"

मी कनॉट प्लेस पालथं घातलं. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने वाटी दोन बोटांत धरली आणि नाक मुरडून परत दिली. "सर, यह तो घर-घर वाला माल है. हम नहीं रखते." मग माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काकू खोटं बोलत होत्या. का, ते कळेना. आणि अंडर सेक्रेटरींच्या पत्नीला, जिच्या हातचं मी लहानपणापासून खाल्लेलं, ठाण्यात बोलावून कशी विचारू? इकडे आठवडा संपत आला होता. एसएचओ साहेबांनी अटकेचे कागद तयार ठेवायला सांगितलं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. हिने कारण विचारलं. मी घरात केसबद्दल कधी बोलत नसे, पण त्या दिवशी बोललो. बाकावर बसलेले बडे मियाँ, हातातली टोपी, होळीनंतरचा निकाह, सगळं सांगितलं.  हिने ताट झाकून ठेवलं.

पुढचं मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ही दोन स्टीलचे डबे घेऊन काकूंकडे गेली आणि ते त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "काकू, हे दोन्ही मी बोहारणीकडून घेतलेत. एक ह्यांच्या जुन्या पँटींवर आणि दुसरा माझ्या लग्नातल्या जरीच्या साडीवर. सासूबाईंना सांगितलंय, की माहेरून आले." काकू आधी खूप हसल्या, म्हणे. मग हिने त्या मुलीच्या निकाहाचं सांगितलं, तसं त्यांनी डोळ्याला पदर लावला.

जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बायका दिल्लीतही दारोदार फिरत. आपल्या बायका त्यांना बोहारीणच म्हणत. गंमत अशी, की बोहारणीशी घासाघीस सगळ्याच करत, पण तिच्याकडची वस्तू वाण म्हणून दिली हे कबूल करायला कोणीच तयार नसे. वाणाला जुन्या कपड्यांचा वास नको! काकूंनी त्या लाजेपायी कनॉट प्लेसचं शोरूम उभं केलं आणि त्या शोरूममुळे एक माणूस तुरुंगाच्या दारापर्यंत गेला. आपल्या लोकांच्या असल्या खोट्याला कायद्यात कलम नाही, पण तपासाचं त्याने जेवढं नुकसान होतं तेवढं सराईत गुन्हेगारही करत नाही.

तिसऱ्या प्रहरी काकू शाल गुंडाळून एकट्या ठाण्यात आल्या. पहाऱ्यावरच्या शिपायाने खुर्ची दिली. त्या ताठ बसल्या. "लिही. मी तुझ्याशी खोटं बोलले. वाट्या बोहारणीकडून घेतल्या. दोन शालू आणि ह्यांचा काळा लोकरी कोट दिला."

मी लिहायला घेतलं.

"कोटाचं नको लिहूस. हे त्या दिवसापासून तो कोट शोधतायत."

मी 'जुने कपडे' असं लिहिलं. तेवढी सवलत तपास अधिकाऱ्याला असते असं मी धरून चालतो. मग काकू म्हणाल्या, "आता वाट्या लागतील ना तुला? दिलेलं वाण परत मागायचं नसतं. पण मी मागेन. माझ्या तोंडाने दिलं, माझ्याच तोंडाने मागेन." काकूंना ओळखणाऱ्यालाच कळेल हे वाक्य त्यांना किती जड गेलं असेल. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ठाणं होतं म्हणून नमस्कारावर भागवलं.

बोहारीण जुन्या कपड्यांच्या बाजारात सापडली. मी तिला धमकावलं नाही. चोरीचा माल आहे हे तिला माहीत नव्हतं, हे तिच्या भांडणावरूनच दिसत होतं. ती उलट माझ्यावरच उखडली, की आता तिचं नुकसान कोण भरून देणार. माल देणारा तरुण होता, तोंडावर डोळ्यांपर्यंत मफलर, टांग्यातून आलेला. चेहरा ओळखता येणार नाही, पण म्हातारा नक्की नव्हता. "बोलता बिल्कुल दुकानदार जैसा था," ती म्हणाली.

लालाजींच्या दुकानात तरुण एकच. पण त्याच्याकडे मेरठ होतं, सासरा होता, आणि त्याने माल पाहिलेलाही नव्हता. आमच्यातले काही सहकारी असल्या वेळी पट्टा काढतात. मी नोकरीभर पट्ट्याच्या विरोधात राहिलो. दया म्हणून नव्हे. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो आणि तपास अधिकाऱ्याला खरं हवं असतं.

त्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की दुपारीही सूर्य दिसला नव्हता. ठाण्याच्या मागच्या खोलीला एकच लहान झरोका होता आणि नेहमीप्रमाणे बत्ती गुल. भाच्याला मी तिथे बसवलं. चहा मागवला आणि नमुन्याच्या वाटीत शेंगदाणे घालून ती त्याच्यासमोर ठेवली. त्या मिणमिणत्या उजेडात ती काच औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी दिसत होती. रंगाचा मागमूस नाही.

मी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. धंदा, सासुरवाडी, मेरठची गजक. मग वाटीवर टिचकी मारून कंटाळल्यासारखा म्हणालो, "यही है वो माल. बोतल का काँच है, और क्या. तुम्हारे मामा को फ़िरोज़ाबाद वालों ने ठग लिया. इसके लिए बेचारे ने थाना सिर पर उठा रखा है."

 मी पुन्हा म्हणालो, "मैं तो कहता हूँ, चोर ही नुक़सान में रहा. मेरी घरवाली इसमें नमक भी न रखे."

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेला पोरगा शिवी ऐकून घेईल. मालाला नावं ठेवलेली त्याला ऐकवत नाहीत. त्याचा चेहरा ताणला गेला, आणि तो पुढे झुकून बोललाच, "साहब, अँधेरे में क्या दिखेगा? धूप में रखकर देखिए, मोर की गर्दन उतर आती है. हरे पर बैंगनी. ऐसा रंग इस लाइन में किसी के पास नहीं है."

मी चहाचा घोट घेतला. "अच्छा. धूप में कब देखा?"

 बाहेर ड्युटी बदलत होती, शिपायांच्या बुटांचा आवाज येत होता. तो वाटीकडे बघत राहिला, आणि मग त्याने पाणी मागितलं. तपासात पाणी मागितलं की मी पेन हातात घेतो.

मेरठला जाण्याआधीच मामा आंघोळीला गेले असताना त्याने चावीचा ठसा घेतला होता. एका दुपारी गाडीने दिल्लीला आला आणि माल हलवून परत गेला. स्वतःचं दुकान थाटायची घाई झाली होती आणि मामा काही मरत नव्हते, हे त्याचेच शब्द. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, टिकते ती त्यावरून झालेली जप्ती. म्हणून आम्ही त्याला घेऊन तडक मेरठ गाठलं. सासऱ्यांच्या माळ्यावर नकली चावी आणि एक न उघडलेली पेटी मिळाली. पंचनामा झाला. सासरेबुवा जावयापेक्षा जास्त घामाघूम झाले होते.

ठाण्यात परतलो तेव्हा बडे मियाँ नेहमीच्या बाकावर बसलेले. चौकशीसाठी रोज हजेरी लावायला त्यांना सांगितलेलं होतं आणि ते लावत होते. मी म्हणालो, "घर जाइए. अब मत आइएगा." त्यांना अर्थ लागायला वेळ लागला. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच टोपी घातलेलं पाहिलं.

आता वाट्यांची जप्ती. काकूंनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीतल्या बायका रांगेने ठाण्यात हजर, प्रत्येकीच्या हातात रुमालाने झाकलेली वाटी. आमचे मालखान्याचे हवालदार हरियाणाचे. त्यांनी पहिला रुमाल उचलला आणि माझ्याकडे धावत आले. "साहब जी, कटोरी में तो लड्डू हैं!"

दुसरीत साखर होती. तिसरीत गुळपोळीचे तुकडे. कोणाकडे चिवडा. मी त्यांना समजावलं, की आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यांनी डोकं खाजवलं. "वो तो ठीक है जी, पर फ़र्द में लड्डू कैसे चढ़ाऊँ?" शेवटी वाट्या फर्दवर, म्हणजे जप्तीच्या यादीवर, चढल्या आणि आतला ऐवज ठाण्याच्या पोटात गेला. एसएचओ साहेब स्वतः दोन लाडू खाऊन म्हणाले, "तुम मराठे लोग..." आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. आमच्या घरची वाटी हिने स्वतः आणली. वाण परत द्यायचं नाही म्हणणारीच ती, पण रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती.

भाच्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, निकाल लवकर लागला आणि माल लालाजींच्या ताब्यात मिळाला. लालाजी खाली मान घालून ठाण्यात आले होते. वाट्यांकडे बघून म्हणाले, "ये अब मेरे बेचने लायक़ नहीं रहे. बहू-बेटियों का शगुन है. जिन घरों से आए, वहीं जाएँ."

होळी होऊन बरेच दिवस झाले होते. एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात बडे मियाँ, डोक्यावर नवी टोपी, शेजारी पेंढ्याची पेटी. लालाजींनी वाट्या घरोघर पोचवायला त्यांनाच पाठवलं होतं. त्यांनी पेंढा बाजूला करून आमची वाटी काढली आणि दोन्ही हातांनी हिच्यापुढे धरली. वाटी खारकांनी भरलेली होती.

"हवलदार साहब ने बताया, आपके यहाँ बर्तन ख़ाली नहीं लौटाते," ते म्हणाले. "निकाह के छुहारे हैं. बेटी ने कहलवाया है, उन बहनजी से कहना, बारात आई थी."

 वाटी छातीशी धरून ही आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा हातात तिचा तो जरीच्या साडीवरचा स्टीलचा डबा होता, काठोकाठ भरलेला. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही. "बेटीला द्या," एवढं ती म्हणाली, तेही मराठीत. बडे मियाँना समजलं.

या केसने मला काय शिकवलं, असं नव्या पोरांपुढे बोलताना विचारतात. मी सांगतो, अटक कधीही करता येते, केलेली अटक पुसता येत नाही. आठवडाभर वाट बघण्याची हिंमत ठेवा. आणि दुसरं, तपासाच्या कागदांवर सह्या आपल्या असतात, पण निम्मा तपास अशा माणसांनी केलेला असतो ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. त्या केसचं प्रशस्तिपत्रक मला मिळालं. ते कुठे ठेवलंय, आता आठवत नाही.

आता आम्ही दिल्लीतच, द्वारकेला मुलाकडे असतो. तो रोज मानेसरला कारखान्यात जातो, सून शिक्षिका आहे. फ्लॅटमध्ये उत्तम क्रोकरी आहे. सुनेने घर लावताना ती वाटी हातात घेऊन विचारलं होतं, "आई, ही जुनी वाटी काढून टाकू?" हिने ती काढून घेतली आणि उन्हात, खिडकीशी ठेवली. तिच्यात आजही खारका असतात. संपायच्या आत ही नव्या आणून घालते.